जंतू मारला की झालं, असं नसतं बाबा

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "जंतू मारला की विष थांबलंच. मग ते बाहेर कसं पडतं यावर चार वर्षं कशाला घालवायची?" मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला आणि मग दिवसभर रुखरुख लागून राहिली. बाबा, तुम्ही नेमकं माझ्या थिसिसच्या मुळावरच बोट ठेवलंत. ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

जिवाणू विष तयार करतो आत, आणि आजार होतो तो विष बाहेर आल्यावर. मध्ये त्याची स्वतःचीच आवरणं असतात. ती कशी ओलांडायची, याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पटकीच्या जिवाणूकडे विष बाहेर सोडायची खास यंत्रणा असते. १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी जिवाणू गाळून काढलेला नुसता द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरी आतडं पाण्याने भरून फुगलं. करणी त्या विषाची होती, हे त्यातून कळलं. साल्मोनेला नावाचा जिवाणू तर एका सूक्ष्म सुईतून स्वतःची प्रथिनं थेट माणसाच्या पेशीत टोचतो. हे करून हे जिवाणू स्वतः जिवंत राहतात.

माझा जिवाणू ई. कोलायचाच एक घातक प्रकार आहे. त्याच्या विषाला शिगा विष म्हणतात. जपानच्या कियोशी शिगांनी १८९७ साली आमांशाचा जिवाणू शोधला, त्यांच्यावरून हे नाव पडलं. हे विष आपल्या पेशीतली प्रथिनं बनवायची यंत्रणा बंद पाडतं. एरंडाच्या बीमधलं विषही अगदी त्याच जागी घाव घालतं. दोघांमधलं हे साम्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

या जिवाणूकडे ते विष बाहेर न्यायला दारच नाही. किंबहुना विषाचं जनुक मुळात त्याचं नाहीच, ते त्याच्या डीएनएत दडून बसलेल्या एका विषाणूचं आहे. एरवी हा विषाणू झोपलेला असतो. जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की तो जागा होतो, स्वतःच्या प्रती काढतो, विष बनवतो आणि शेवटी आतून भिंत फोडतो. जिवाणू फुटून मरतो आणि विष मोकळं होतं.

आता तुमचा प्रश्न परत बघा, बाबा. काही प्रतिजैविकं नेमकी डीएनएवरच घाव घालतात. म्हणजे मारायला गेलो आणि विषाणूला जागं करून बसलो! म्हणूनच या संसर्गात डॉक्टर प्रतिजैविकं द्यायला कचरतात. २०११ मध्ये जर्मनीत या विषामुळे सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, ८००हून अधिक जणांची मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत गेली, पन्नासहून जास्त माणसं दगावली. हे आकडे मला पाठ झालेत. काम कंटाळवाणं वाटू लागलं की तेच आठवतात.

आई, तुझी काळजी मला कळते. पण आमच्या जिवाणूतून विषाचं जनुक काढून टाकलेलं आहे आणि त्या जागी हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक बसवलं आहे. जिथे विष बनलं असतं तिथे हिरवा उजेड दिसतो, इतकंच. हातमोजे, कोट, कॅबिनेट, सगळं मी सांभाळते.

गेल्या वर्षी मी फार खचले होते, ते तुम्हाला बोलले नाही. विषाणूला जागं करणारं औषध न घातलेल्या नळीतसुद्धा बाहेरच्या द्रवात हिरवं प्रथिन सापडायचं. सहा महिने मी भिंत झिरपते आहे असं समजून चाचण्या करत राहिले. मग एका रात्री मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी बघत बसले. शेकडो जिवाणू काळोखात शांत पडलेले, आणि त्यात एकच हळूहळू हिरवा होत गेला. उजळला, फुगला आणि पापणी लवते न लवते तोच नाहीसा झाला. भिंत झिरपत नव्हतीच. काही जिवाणूंतला विषाणू कोणी न डिवचताही जागा होत होता. मला रडू आलं, आनंदानेच.

आता भिंत फोडणाऱ्या टप्प्यालाच अडवता येतं का, ते बघते आहे. विष आतच कोंडून राहिलं तर किती वेळ राहतं, हे मला मोजायचं आहे. थिसिस कधी संपणार ते आत्ता विचारू नका, एवढी प्रयोगांची मालिका पूर्ण होऊ दे.

सोबत त्या रात्रीचे तीन फोटो ठेवते आहे. बाबा, चष्मा लावून वरच्या डाव्या कोपऱ्यात बघा. पहिल्या फोटोत तो जिवाणू जेमतेम दिसेल, दुसऱ्यात हिरवागार आहे. तिसऱ्यात ती जागा काळी आहे.

तुमची लेक