डिस्कवरचे ध्वनिमिश्रण घरासाठी केलेले हवे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत चित्रपटांच्या नव्या डिस्कविषयी येणारा मजकूर मी नेमाने वाचतो. चित्र किती स्वच्छ आहे, रंग मूळ प्रतीशी कितपत जुळतात, याबद्दल त्यात बारकाईने लिहिलेले असते. आवाजाची बोळवण मात्र बहुतेक वेळा ‘डॉल्बी ॲटमॉस’ किंवा ‘डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ’ अशा एखाद्या नावावर होते. ही नावे आवाज डिस्कवर कोणत्या पद्धतीने भरला आहे एवढेच सांगतात. संवाद, संगीत आणि इतर आवाज मुळात कसे मिसळले आहेत हे त्यांवरून कळत नाही, आणि घरी बसून चित्रपट पाहणाऱ्याचे समाधान किंवा चडफड नेमकी त्यावर ठरते.

साठवणुकीचा प्रश्न एके काळी खरोखरच मोठा होता. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलच्या सहाही ध्वनिवाहिन्यांना, म्हणजे एकेका स्पीकरसाठीच्या वेगवेगळ्या आवाजांना, मिळून सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट एवढीच जागा मिळे, त्यामुळे ध्वनीचा बराच भाग गाळावा लागे. २००६ साली बाजारात आलेल्या ब्लू-रेने ती अडचण दूर केली. डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओमध्ये स्टुडिओने दिलेली ध्वनिपट्टी बिट न् बिट तशीच घरात पोहोचते. तरीही ऐकताना त्रास होत असेल, तर दोष बहुधा मिश्रणातच शोधावा लागतो.

चित्रपटाचे ध्वनिमिश्रण चित्रपटगृहाएवढ्या दालनात होते आणि तिथली आवाजाची पातळी ठरलेली असते. पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून येणारा चाचणीचा ध्वनी श्रोत्याच्या जागेवर ८५ डेसिबल भरेल असे मोजून घेतात. त्या हिशेबाने एकेका वाहिनीचा कमाल आवाज १०५ डेसिबलपर्यंत चढू शकतो. घरात एवढ्या आवाजात सहसा कोणी चित्रपट लावत नाही. पातळी वीसेक डेसिबलने खाली आणली की स्फोट सुसह्य होतो खरा, पण कुजबुज पंख्याच्या घरघरीत बुडून जाते. अलीकडेच पाहिलेल्या एका चित्रपटात आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या दोन बहिणी हलक्या आवाजात बोलत होत्या. त्यांचे शब्द कळावेत म्हणून मी रिसीव्हरचा, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राचा, आवाज उणे तीस डेसिबलवरून उणे बावीसपर्यंत वाढवला, आणि पुढच्याच क्षणी वाऱ्याने दार उघडले तेव्हा शेजारच्या खोलीत झोपलेले मूल दचकून उठले. उरलेला चित्रपट मी रिमोट हातात धरूनच पाहिला.

प्रश्न फक्त पातळीचा नाही. मोठ्या दालनात दोन किलोहर्ट्झच्या वरचे, म्हणजे उंच पट्टीतले, स्वर हळूहळू उतरत जातील अशा बेताने स्पीकर जुळवलेले असतात. तिथे कानाला बरोबर वाटलेले मिश्रण घरच्या स्पीकरवर कर्कश होते, संवादातला प्रत्येक ‘स’ टोचू लागतो. चित्रपटगृहात बाजूचा आणि मागचा आवाज भिंतींवर ओळीने लावलेल्या अनेक स्पीकरमधून पसरून येतो. घरी तोच आवाज कानापासून जेमतेम दीड मीटरवरच्या एकाच पेटीतून येतो आणि लक्ष पडद्यावरून उडवतो.

यावर उपाय आहे आणि काही निर्माते तो करतातही. लहान खोलीत, जवळ ठेवलेल्या स्पीकरवर, कमी पातळीला ऐकत सगळे मिश्रण पुन्हा तपासायचे, संवाद थोडे वर घ्यायचे, मागच्या वाहिन्या आवरायच्या. याला ‘नियरफील्ड मिक्स’ म्हणतात. हे काम घाईने उरकले, तर कुजबुज आणि गर्जना एकाच उंचीवर येतात आणि दृश्यातला जीवच जातो. तसे सपाटीकरण मला मुळीच नको आहे. नीट झालेल्या मिश्रणात पावसाचे दृश्य कसे ऐकू येते पाहा: पाऊस चारी बाजूंनी पडत असतो, पात्र खिडकी लावते, मागचे स्पीकर हळूच गप्प होतात, आणि मधल्या स्पीकरमधून फक्त त्या माणसाचा श्वास ऐकू येतो. खोली बंद झाल्याचे आपल्याला कानांनी कळते. एवढ्यासाठीच तर आपण खोलीत पाच-सहा पेट्या मांडतो.

जुन्या चित्रपटांच्या बाबतीत मात्र माझी तक्रार अधिक तीव्र आहे. मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, ध्वनिपट्टी बाजूला सारून तिच्या जागी नव्याने बनवलेले ५.१ मिश्रण (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर यांसाठीचे) द्यायचे, हा प्रकार कितीदा तरी आढळतो. अशा एका डिस्कवर जिना चढणाऱ्या बुटांचा मूळचा भरीव, लाकडी धपधप आवाज जाऊन एक कोरडी टकटक आली होती, आणि पडद्यावर समोर दिसणारे दार लागल्याचा आवाज चक्क माझ्या पाठीमागून आला. ज्या ध्वनिमुद्रकांनी एकाच वाहिनीत दूरचे-जवळचे अंतर उभे केले होते, त्यांचे काम असे पुसून टाकण्याचा अधिकार कोणालाही नसावा. जागेची सबब तर टिकतच नाही: दोन तासांच्या चित्रपटाचा १९२ किलोबिटचा मोनो ट्रॅक १७५ मेगाबाइटमध्ये मावतो, आणि दुहेरी थराच्या ब्लू-रेची क्षमता ५० गिगाबाइट असते. नवे मिश्रण जरूर द्यावे, पण मूळ पट्टी त्याच्या शेजारी असलीच पाहिजे.

ज्यांच्याकडे दोनच स्पीकर आहेत, त्यांच्यासाठीही स्वतंत्र स्टिरिओ पट्टी असावी. यंत्राने सहा वाहिन्यांच्या परस्पर दोन केल्या, की सबवूफरची वाहिनी सहसा गाळली जाते.

डिस्क काढणाऱ्यांनी वेष्टनावर दोन ओळी छापाव्यात: मिश्रण घरासाठी वेगळे केले आहे की चित्रपटगृहाचेच आहे, आणि मूळ ध्वनिपट्टी आत आहे की नाही. आपल्या समीक्षकांनाही विनंती आहे, की त्यांनी प्रत्येक डिस्क एकदा मध्यम आवाजात लावून, रिमोटला हात न लावता अर्धा तास ऐकावी, आणि संवाद कळले की नाहीत तेवढे अवश्य लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक