माहीमच्या दुकानातील पॉलिश काँक्रीटची जमीन सोलवटल्याबद्दल तक्रार

दि. ५ ऑगस्ट २०२५
माहीम, मुंबई

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: दुकानातील पॉलिश काँक्रीटच्या जमिनीचा वरचा थर सुटणे व कोटेशनप्रमाणे काम न होणे.

महोदय,

आज सकाळी दुकान झाडल्यावर सुपलीत जे जमलं त्याचा फोटो सोबत जोडला आहे. तो केर नाही. तुमच्या कंपनीने एप्रिलमध्ये करून दिलेल्या जमिनीचे ते पोपडे आहेत. तांदळाच्या पापडासारखे पातळ, उजेडात धरले तर आरपार दिसतं. पापड विकणं हा आमचा धंदाच आहे, पण जमिनीचे पापड गिऱ्हाइकाच्या चपलेला चिकटून फुटपाथपर्यंत जावेत, हे पहिल्यांदाच बघते आहे.

फाइल सापडायला सोपं जावं म्हणून कामाचा तपशील देते. समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आमचं जुनं दुमजली घर आहे. खाली कोकणी मेव्याचं दुकान, वर आम्ही राहतो. दुकानातली शहाबादी काढून तीन इंची नवं काँक्रीट घालायचं आणि त्याला पॉलिश करायचं, वरच्या घरातला जुना कोबा (सिमेंटची जमीन) धडधाकट होता म्हणून त्यालाच घासून पॉलिश करायचं, असं ठरलं. दुकान ३०० चौ. फूट, घर ४०० चौ. फूट, पॉलिशचा दर दोन्हीकडे १५० रुपये, काँक्रीटचे ११० रुपये फुटामागे वेगळे. जीएसटी धरून १,६२,८४० रुपये झाले. त्यातले १०,००० मी अजून दिलेले नाहीत, त्यामुळे 'बाकी पेमेंट'चा दर सोमवारी येणारा मेसेज सध्या थांबवलात तरी चालेल.

तुमचा विक्री प्रतिनिधी मोठा गोड बोलणारा मुलगा. त्याने नमुन्याची लादी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "ताई, इपॉक्सी, म्हणजे रंगासारखा प्लास्टिकचा थर, मारली की खालची ओल तिला फुगवते. पॉलिश काँक्रीटच्या वर काहीच नसतं, मग सोलायला काय राहणार?" हे मला पटलं. चमक काँक्रीटचीच असते, हे त्यानेच समजावून सांगितलं. हिऱ्याचे पॅड लावून मशीनने ३० नंबरपासून बारीक बारीक घासत जायचं, मधे डेन्सिफायर पाजायचा, तो काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून बारीक छिद्रं भरतो आणि जमीन टणक होते. कोटेशनमध्येही तेच आहे: लिथियम सिलिकेटचा डेन्सिफायर दोन हात, १५०० ग्रिटपर्यंत, म्हणजे १५०० नंबरच्या पॅडपर्यंत पॉलिश, काँक्रीटखाली २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, आणि काँक्रीट घातल्यावर २८ दिवसांनी घासाई.

आता तुमच्याच माणसाच्या बोलण्यावर माझा प्रश्न. वर काहीच नसतं, तर मग दोन महिने सोलतंय ते काय आहे?

उत्तर आमच्या जिन्याखाली पडलेलं आहे. तुमचे कारागीर जाताना पॅडचा एक डबा विसरून गेले. प्रत्येक पॅडच्या पाठीवर नंबर छापलेला आहे. ३०, ६० आणि १२० नंबरचे पॅड झिजून गुळगुळीत झाले आहेत. २००, ४००, ८०० आणि १५०० चे पॅड अजून प्लास्टिकच्या वेष्टनात आहेत, कोरे करकरीत. म्हणजे १२० ला मशीन थांबली. शेवटच्या दोन दिवसांत रोलरने जे मारलं गेलं, ज्याचा वास माझ्या कोकम सरबताच्या बाटल्यांनाही आठवडाभर येत होता, ते चमकणारं कोटिंग होतं. मी तेव्हा विचारलं तर "ताई, फायनल सीलर आहे" असं उत्तर मिळालं. पॉलिशचे पैसे घेऊन तुम्ही मला जमिनीवर प्लास्टिकची साय दिलीत.

वरच्या घरातही तेच मारलं आहे. पण वर एक पोपडा सुटलेला नाही. कारागीर तेच, कोटिंग तेच, महिनाही तोच. फरक इतकाच की वर जुना कोबा आणि त्याखाली स्लॅब आहे, दुकानात नवं काँक्रीट आणि त्याखाली जमीन.

८ जुलैला तुमचे सुपरवायझर आले. ओल मोजायचं कुठलंही मीटर नाही, हातात फक्त छत्री. बुटाच्या टाचेने दोन ठिकाणी ठोकलं आणि म्हणाले, "मॅडम, समुद्राची हवा आहे, होणारच." नंतर तुमचं लेखी उत्तर आलं की आम्ही फार पाण्याने पुसतो म्हणून थर सुटला. फोनवर तिसरं कारण ऐकलं, यंदा पाऊस लवकर आला. समुद्र काही जूनमध्ये माहीमला राहायला आलेला नाही, तो कोटेशनच्या दिवशीही इथेच होता. पाऊस २६ मे रोजी आला, नेहमी ११ जूनच्या सुमारास येतो, हे मान्य. पण ११ जूनला आला असता तर जमीन १६ दिवस उशिरा सोलली असती, एवढंच. आणि पुसायचं म्हणाल तर वरचं घर रोज पुसलं जातं, दुकान एक दिवसाआड.

म्हणून मी स्वतः एक चाचणी केली. जिथला थर आधीच निघून गेला होता तिथे दीड फूट बाय दीड फुटाचं जाड प्लास्टिक ठेवून चारही बाजूंनी टेप घट्ट लावली. वरच्या घरात कपाटाखालच्या कोब्यावर, जिथे तुमचा रोलर पोचलाच नव्हता, तिथेही तसंच केलं. रात्री आठला लावलं, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला काढलं. सोळा तास. वरचं प्लास्टिक कोरडं. दुकानातल्या प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब धरलेले आणि खालचं काँक्रीट काळपट ओलं. पंखा चालू होता, दार बंद होतं, पुसलेलं काही नव्हतं. ही ओल खालून येते. पाच रुपयांच्या प्लास्टिकने जे कळलं ते एप्रिलमध्ये, थर मारण्याआधी, तुम्ही बघायला हवं होतं.

लादीला घाम येणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. शहाबादीलाही जुलैमध्ये यायचा. दमट हवा गार फरशीवर बसते, पुसून पंखा लावला की जाते. त्याबद्दल मी कधी कुणाला पत्र लिहिलं नाही. इथे पोपडा उचलला की खाली पांढरी भुकटी मिळते, चिमटीत खरखरीत लागते. भिंतीला लोणा लागतो तशीच. ओल वर येताना क्षार घेऊन येते आणि कोटिंगमुळे तिला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती कोटिंगलाच उचलते. सुरुवातीला शेंगदाण्याएवढे फुगे होते, आता काउंटरसमोर पाटाएवढे झाले आहेत.

प्लास्टिक कागदाबद्दलही लिहिते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मागच्या मोरीची जाळी तुंबली म्हणून प्लंबरने कोपऱ्यातलं फूटभर काँक्रीट फोडलं. काँक्रीटखाली भराव, भरावाखाली माती. कागदाचा तुकडाही नाही. प्लंबरने आपणहून विचारलं, "खाली काही घातलं नाही का?" त्या खड्ड्याचा मोजपट्टी लावून फोटो काढला आहे. तिथे काँक्रीटही तीन इंच नाही, सव्वादोन आहे, पण तो वाद मी आज काढत नाही.

माझ्या बाजूची चूक लपवत नाही. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिलला, दुकान पुन्हा उघडायचं असा आग्रह माझाच होता. काँक्रीट ५ एप्रिलला पडलं. २८ दिवस मोजले तर घासाई ३ मे रोजी सुरू व्हायला हवी होती, ती १६ एप्रिललाच सुरू झाली. मी घाई केली, पण हा धंदा तुमचा आहे. "काँक्रीट अजून ओलं आहे, मुहूर्त पुढे ढकला" असं तुमच्यापैकी एकानेही म्हटलं असतं तर मी मुकाट्याने ऐकलं असतं. मिळालेलं उत्तर होतं, "होऊन जाईल, ताई."

उंबऱ्यापासून खांबापर्यंत गेलेली केसाएवढी चीर, फ्रिजच्या पायाखालचा गंजाचा डाग आणि कोकमाचं आगळ सांडून पडलेला लाल डाग या तक्रारीत धरू नका. काँक्रीटला चीर जाते हे मला सांगितलं होतं. आंबट पदार्थ लगेच पुसायचे हेही सांगितलं होतं. आगळाच्या बरण्यांखाली आता ताटं ठेवली आहेत.

मला काय हवं आहे ते लिहिते. गणपती २७ ऑगस्टला आहेत आणि वर्षाचा आमचा सगळ्यात मोठा धंदा त्याआधीच्या पंधरा दिवसांत होतो. गेल्याच आठवड्यात एक आजी सुटलेल्या पोपड्यावरून घसरल्या, शेजारच्या गिऱ्हाइकाने हात धरला म्हणून वाचल्या. त्यामुळे १५ ऑगस्टच्या आत माणूस पाठवून सुटलेला सगळा थर खरवडून घ्या. त्यावर नवीन काही मारू नका. पावसात पुन्हा रोलर फिरवून फोटो काढून जायचा विचार असेल तर दार उघडणार नाही.

पुढचं काम दिवाळीनंतर, जमीन सुकल्यावर. आधी माझ्यासमोर ओलीची चाचणी करा आणि तिचा निकाल लेखी द्या. कागद न घातल्यामुळे काँक्रीट काढून पुन्हा घालावं लागतं की घासून डेन्सिफायर पाजून भागतं, हे तुमच्या इंजिनिअरने कारणांसह लिहून सही करावी. काँक्रीट काढायचंच ठरलं तर खर्च तुमचा. काम जमणार नसेल तर दुकानाचे जीएसटीसह ९२,०४० रुपये धरून माझे राहिलेले १०,००० वजा करा आणि उरलेले ८२,०४० परत करा. वरच्या घरात पॉलिशच्या नावाखाली कोटिंग दिलं त्याचं काय करायचं, ते त्याच बैठकीत बोलू.

या पत्राला पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, हे आमच्या गल्लीतल्या वकिलीणबाईंनी सांगितलं आहे.

पॅडचा डबा जिन्याखाली आहे. तो तुमचा आहे, माणूस येईल तेव्हा परत देईन. सातही पॅडचे, नंबर दिसतील असे फोटो काढून झाले आहेत.

आपली ग्राहक,
(दुकानाची मालकीण)

सोबत: कोटेशन व बिलाची प्रत, पोपडे, प्लास्टिकची चाचणी, मोरीजवळचा खड्डा आणि पॅड यांचे फोटो.