वर किती दिवसांचं आहे?

आदरणीय सुभेदार साहेब,
जय हिंद.

आज नवतप्याचा चौथा दिवस. पहाटे साडेपाचला टँकरच्या ड्रायव्हरांना गोळा केलं आणि एकेका लेआउटचं, म्हणजे वस्तीचं, नाव घेऊन विचारलं, "तिथं किती दिवसांचं पाणी आहे?" पोरं आता या प्रश्नाला सरावली आहेत, पटापट उत्तरं देतात. ती उत्तरं ऐकता ऐकता मनात आलं, हा प्रश्न ज्यांचा आहे त्यांचे आभार आपण अठरा वर्षांत एकदाही मानले नाहीत. पलटणीत असताना तशी रीत नव्हती. "जी साहब" म्हणायचं आणि कामाला लागायचं. तेव्हा राहिलं ते आज सगळ्यांसमोर लिहितो. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. उमरेडला तुमची नात हे तुम्हाला वाचून दाखवेल.

२००७ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लडाखमधल्या द्रासच्या बाजूची ती पोस्ट, वर बारा जवान, आणि खालून माल चढवायची जबाबदारी माझ्याकडे. मी नुकताच हवालदार झालो होतो. जोजिला खिंड बंद झाली की खालचा रस्ता संपतो, आणि आमच्या नाल्यात बर्फ भरलं की वरची वाटही संपते. मग वर जे असेल त्यावर बारा माणसांनी हिवाळा काढायचा. म्हणून उन्हाळ्यातच सगळं साठवायचं. याला आपण विंटर स्टॉकिंग म्हणायचो. नागपूरच्या माणसाला समजावं म्हणून सांगतो, घरातून पाच महिने बाहेर पडता येणार नाही असं समजून वाणसामान भरायचं, आणि ते खेचराच्या पाठीवरून न्यायचं.

मी मन लावून काम करत होतो, हे तुम्हीही तेव्हा नाकारलं नाहीत. रजिस्टर एकदम चोख होतं. आज किती खेचरं गेली, किती पोर्टर, किती जेरीकॅन, किती पोती, सगळं तारखेनिशी. ऑगस्टच्या शेवटी तुम्ही आलात तेव्हा मी ते अभिमानानं पुढं केलं. तुम्ही दोन पानं उलटलीत, मिटून बाजूला ठेवलंत आणि आपल्या बोलीत म्हणालात, "मले फेऱ्या नको सांगू. वरची बुखारी कितीक दिवस जळन, थे सांग."

बुखारी म्हणजे बंकर गरम ठेवणारी रॉकेलची शेगडी. मला सांगता आलं नाही.

तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन स्वतः वर चढलात. त्या वयात, त्या हवेत. बंकरमध्ये बसून आपण दोघांनी रॉकेलचा एकेक जेरीकॅन हलवून पाहिला. वीस लिटरच्या डब्यात अठराच्या आसपास भरत होतं. वाटेत खेचराच्या पाठीवर डबे आपटत आणि झाकणातून झिरपत. मी खाली पूर्ण भरलेला डबा मोजत होतो, वर काय उतरलं ते कधी मोजलंच नव्हतं. तुम्ही तिथंच हिशोब मांडलात. बुखारी आणि स्टोव्ह मिळून दिवसाला दहा लिटर. दीडशे दिवसांचे दीड हजार लिटर, म्हणजे पंचाहत्तर डबे. डब्यामागे दोन लिटर गेले की दीडशे लिटर गेले. बारा माणसांची पंधरा दिवसांची ऊब वाटेवरच्या दगडांनी पिऊन टाकली होती, आणि माझ्या रजिस्टरात सगळं बरोबर होतं.

मग माचिस निघाली. पीठ, डाळ, तांदूळ, टिनबंद भाज्या, सगळं भरपूर. माचिस नऊ दिवसांची, आणि स्टोव्हच्या पिना तर नव्हत्याच. माचिस हलकी, तिचं वेगळं ओझं होत नाही, म्हणून ती माझ्या मोजणीत कधी आलीच नाही. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी आजवर शेकडो जणांना सांगितलं असेल. १४० दिवसांचं रेशन आणि ९ दिवसांची माचिस असेल, तर ती पोस्ट ९ दिवसांची.

त्या रात्री आपण रजिस्टरचे रकाने बदलले. "आज काय गेलं" काढलं आणि "वर किती दिवसांचं आहे" घातलं. रेशन, रॉकेल, माचिस, रेडिओच्या बॅटऱ्या, औषधं, प्रत्येकापुढे दिवस. ज्याचे दिवस सगळ्यात कमी, ते उद्याच्या पहिल्या खेचरावर. आठवड्यातून एकदा वरच्या एनसीओनं, म्हणजे तिथल्या नायक-हवालदारानं, मोजून वायरलेसवर आकडे द्यायचे, खालच्यानं अंदाजानं भरायचे नाहीत. एवढंच. पण या बदलानं माझी माणसंही बदलली, हे मला फार नंतर उमगलं. आधी मी रोज सकाळी सांगायचो, अमुक खेचरावर अमुक चढवा, अमुक वाजता निघा. ते तेवढंच करायचे. आता शेवटी काय व्हायला हवं ते त्यांना ठाऊक झालं, म्हणजे १५ नोव्हेंबरला पोस्ट दीडशे दिवस एकटी उभी राहिली पाहिजे. मग खेचरवाल्या नायकानं स्वतःहून झाकणाखाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घातल्या. गळती जवळजवळ थांबली. मी कितीही बारीक हुकूम दिले असते तरी हे मला सुचलं नसतं.

लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या जेवणघरात, एका संध्याकाळी तुम्ही मेघना नदीची गोष्ट सांगितलीत. आपल्या कामठीला ज्यांचं सेंटर आहे त्या गार्ड्स रेजिमेंटची. डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध. जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरला नेमून दिलेलं काम मेघनेच्या पूर्वेचा मुलूख घेण्याचं होतं. ९ डिसेंबरला आशुगंजचा पूल शत्रूनं उडवला. नदी समुद्रासारखी रुंद. तेव्हा हवाई दलाच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांनी चौथ्या गार्ड्सच्या जवानांना पलीकडे रायपुऱ्याला उतरवायला सुरुवात केली, आणि ढाक्याची वाट उघडली. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. गोष्ट संपवून तुम्ही विचारलंत, "पूल पडला म्हून तेईनं काय रिपोर्ट लिहून वापस जायचं होतं का?" पूल हे साधन होतं, ढाका हा मकसद होता. ऐकणाऱ्यांत अठरा-एकोणीस वर्षांची पोरं होती. त्यांना मिशन या शब्दाचा अर्थ त्या दिवशी कळला, आणि मलाही.

रिटायर झाल्यावर मी थोडं वाचलं. १८०६ मध्ये येना इथं नेपोलियनकडून पराभव झाल्यावर प्रशियाच्या सैन्यानं पुढच्या काही दशकांत ही रीत बसवली. काय साधायचं ते वरच्यानं सांगावं, कसं ते जागेवरच्यानं ठरवावं. तुम्ही हे कुठल्या कोर्समध्ये शिकला होता की शेतीत, हे मी कधी विचारलं नाही. उमरेडला आलो की विचारीन.

पण माझ्या मनात ज्यासाठी सगळ्यात जास्त कृतज्ञता आहे, ती गोष्ट वेगळी. ऑक्टोबरमध्ये लान्स नायकानं अर्ध्या वाटेतून अकरा खेचरं परत आणली. वर आभाळ काळं झालं होतं, वाटेवर ताजं बर्फ पडत होतं. आकडे आधीच मागे होते. मी चिडलो, त्याला तुमच्यासमोर उभं केलं. तुम्ही त्याला एकच विचारलंत, "काहून फिरला?" तो म्हणाला, "साहेब, खेचरं गेली असती तर पुढच्या महिन्याचा माल कोण नेणार?" तुम्ही त्याची पाठ थोपटलीत. नंतर मला बाजूला घेऊन म्हणालात, निकाल पाहणारा माणूस आजचा आकडा वाचवण्यासाठी उद्याचा निकाल जाळत नाही. आणि लगेच दुसरी बाजूही सांगितलीत. कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, दारूगोळ्याच्या मोजणीत, रायफल रिकामी करताना हे डोकं चालवायचं नाही. तिथं ड्रिल म्हणजे ड्रिल, कारण तिथला निकाल एकदा बिघडला की दुरुस्त होत नाही. ही रेघ कुठं ओढायची हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात माणसं देऊ नयेत असं मला आता वाटतं.

पुढं तपासणी आली. जुना नमुना सोडून नवे रकाने का केले, यावर बोट ठेवलं गेलं. मी काही बोलायच्या आत तुम्ही पुढं झालात. "हुकूम माझा होता," म्हणालात. रकाने आखले मी होते, साहेब. तुम्ही ते स्वतःवर घेतलंत आणि त्याबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाहीत. माणसाला मोकळीक दिली की त्याच्या पाठीशीही उभं राहावं लागतं, हे मी त्या एका वाक्यात शिकलो.

इथं नागपुरात आता माझ्याकडे नऊ टँकर सांभाळायला आहेत. मालक आधी फेरीमागे पैसे द्यायचा, त्यामुळे कागदावर फेऱ्या भरपूर असायच्या. गेल्या उन्हाळ्यात हुडकेश्वरच्या पुढच्या एका लेआउटमध्ये शेवटच्या गल्लीत टँकर वळत नाही म्हणून सगळं पाणी कोपऱ्यावरच संपायचं. आतल्या घरातल्या एका म्हातारीचा ड्रम दोन दिवस कोरडा होता. कागदावर त्या लेआउटला चार फेऱ्या गेलेल्या. मला वरच्या बंकरातली माचिस दिसली. मालकाशी बोलून पैसे फेरीवरून भरलेल्या ड्रमावर आणले. महिनाभर कुरकुर झाली. मग एका ड्रायव्हरनं स्वतःच लांब पाइप जोडून आणला, त्या गल्लीसाठी.

आज सकाळी त्यानंच सांगितलं, "आजीकडे दोन दिवसांचं आहे, काका." हा रिपोर्ट तुमचा आहे, म्हणून तुम्हाला पाठवतो.

साहेब, मनापासून आभार. त्या हिवाळ्यात वरचे बाराही जण सुखरूप खाली उतरले, तेव्हा तुम्ही बदलीवर गेला होतात, म्हणून हे तुम्हाला समोर सांगायचं राहून गेलं. मृग लागला आणि टँकर कमी झाले की उमरेडला येतो. काकूंना नमस्कार.

आपला,
खेचरवाला हवालदार