बंदीची चर्चा चालू द्या, रात्रीचा फोन आधी खोलीबाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. तेव्हापासून आपल्याकडेही तसाच कायदा हवा, असे बरेच जण म्हणू लागले आहेत. कायदा व्हायचा तेव्हा होईल. शालेय समुपदेशक म्हणून आमचे म्हणणे वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे आणि ती कायद्यावाचून आज रात्रीही दुरुस्त करता येते : आठवी ते बारावीतल्या मुलांच्या उशाशी रात्रभर असणारा फोन.

‘दिवसाला किती तास चालेल?’ हा पालकांचा ठरलेला प्रश्न. त्याचे नेमके उत्तर संशोधनात सापडत नाही. ब्रिटन आणि अमेरिकेतील साडेतीन लाखांहून अधिक किशोरांच्या माहितीचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्याचा जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता आला. याउलट, रोज तीन तासांहून जास्त वेळ समाजमाध्यमांवर असणाऱ्या किशोरांना नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलनी (सार्वजनिक आरोग्याबाबत सरकारतर्फे बोलणारे तिथले प्रमुख अधिकारी) २०२३ च्या इशारापत्रात म्हटले. पहिला आकडा सरासरीचा आहे, त्यात होरपळणारी थोडी मुले दिसेनाशी होतात. दुसऱ्यात, आधीच उदास असलेले मूल फोनला जास्त चिकटते ही शक्यता उरतेच. त्यामुळे तास मोजत बसण्यापेक्षा ते तास कशातून कापले जातात हे पाहावे. बहुतेक घरांत ते झोपेतून कापले जातात.

तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तासांची झोप लागते. याच वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते. झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणारे मेलाटोनिन उशिरा वाढू लागते, म्हणून दहावीतल्या मुलाला अनेकदा साडेदहालाही खरोखरच झोप येत नसते. तो आळस नव्हे आणि नाटकही नव्हे. पण सकाळच्या सत्रातली शाळा सातला भरते, म्हणजे सहाच्या आत उठणे आले. क्लास सुटून जेवण होईपर्यंत नऊ-साडेनऊ वाजतात. अंथरुणावर पडणे आणि झोप लागणे यांच्यातला तेवढाच वेळ मुलाचा ‘स्वतःचा’ उरतो आणि तिथे फोन शिरतो.

रात्रीच्या फोनचा दोष लोक निळ्या प्रकाशाला देतात आणि पडदा पिवळा करून निश्चिंत होतात. प्रकाशाचा परिणाम आहे, पण पडद्यावर काय चालले आहे त्याचा परिणाम आम्हाला मोठा वाटतो. छापील मजकुराला पान संपते, रील्सना शेवट नाही. पुढची कंटाळवाणी असेल की जबरदस्त, हे आधी कळत नाही आणि या अनिश्चिततेमुळेच बोट थांबत नाही. स्नॅपचॅटवरची ‘स्ट्रीक’ (सलग दिवसांची साखळी) टिकवायची तर दोघांनीही चोवीस तासांत एकमेकांना स्नॅप पाठवावा लागतो. वेळ संपत आली की नावापुढे वाळूचे घड्याळ दिसते आणि झोपायला निघालेली मुलगी परत उठून बसते. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आले नाही, तर दिवसा त्याचे फारसे काही वाटत नाही. रात्री साडेअकराला त्याच खुणांवरून ‘मी काय चुकीचे बोलले?’ हे तासभर डोक्यात फिरते. वर्गाच्या गटात एखाद्याची टर उडवणे, स्क्रीनशॉट फिरवणे, एखादीला गटातून काढून टाकणे हेही घरातली मोठी माणसे झोपली की जोरात चालते, कारण थांबवायला कोणी जागे नसते.

सकाळी दिसते ते वेगळेच. चिडचिड, क्षुल्लक कारणावरून रडू, गणितात सोप्या चुका, पहिल्या दोन तासांना डोळे मिटणे. झोप कमी झाली की स्वतःला आवरण्याची ताकदही कमी होते, म्हणून पुढच्या रात्री फोन ठेवणे आणखी अवघड जाते. रविवारी बारापर्यंत झोपू दिले तर शरीराचे घड्याळ अजून पुढे जाते आणि सोमवार सगळ्यात वाईट उजाडतो. सुटीच्या दिवशी उठण्यात तासाभराहून जास्त फरक नको.

यावर उपाय साधा आहे, फक्त तो पूर्ण करावा लागतो. घरातल्या सगळ्यांचे फोन चार्ज करण्याची जागा एकच, झोपायच्या खोलीबाहेर. सातची शाळा असेल तर फोन साडेनऊला तिथे जायला हवेत, म्हणजे दहा-सव्वादहाला झोप लागण्याची शक्यता राहते. ‘गजर लावायला फोन लागतो’ ही पहिली सबब येते. त्यासाठी गजराचे साधे घड्याळ आणावे. एका खोलीच्या घरात ‘खोलीबाहेर’ असे काही नसते, तिथे फोन बंद करून कपाटात आणि किल्ली आईकडे. जुना सुटा फोन, टॅब आणि शाळेच्या कामाचा लॅपटॉप विसरू नये; चोरवाट बहुधा तीच असते. आणि बाबांचा फोन उशाशी राहणार असेल, तर हा नियम चार दिवसही टिकत नाही.

फोनमधल्या सेटिंग्जवर पालकांचा फार भरवसा असतो. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये लावलेली वेळमर्यादा मूल स्वतःच काढू शकते. पालकांच्या हातात सूत्रे हवी असतील तर गूगलचे फॅमिली लिंक लागते. आयफोनवर स्क्रीन टाइमला वेगळा पासकोड द्यावा लागतो आणि तो जन्मतारखेचा नसावा. तरी पळवाटा उरतातच : अ‍ॅप बंद असले तरी तीच साइट बऱ्याचदा ब्राउझरमध्ये उघडते, काही फोनमध्ये एकाच अ‍ॅपची दुसरी प्रत किंवा अख्खी ‘दुसरी स्पेस’, म्हणजे फोनमध्येच दुसरा फोन असावा तशी वेगळी जागा, तयार करता येते. इन्स्टाग्रामच्या किशोर खात्यांना रात्री दहा ते सकाळी सात ‘स्लीप मोड’ असतो, पण तो सूचना गप्प करतो, अ‍ॅपला कुलूप लावत नाही. शिवाय खाते उघडताना मुलाने जन्मवर्ष वाढवून टाकले असेल, तर बऱ्याचदा ते प्रौढ खातेच राहते आणि हे संरक्षण लागू होत नाही. मुलाच्या शेजारी बसून खात्यातली जन्मतारीख एकदा बघावी. दहांतल्या पाच घरांत तरी आश्चर्य वाटेल, असा आमचा अंदाज.

पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. भांडण होईल, मूल अंधारात छताकडे बघत पडून राहील. मनाला गुंतायला काहीतरी लागते. गाणी हवी असतील तर रेडिओ चालेल, पुस्तक चालेल. परीक्षेच्या आठवड्यात हा नियम सुरू करू नये आणि शिक्षा म्हणून तर कधीच नाही. चारचौघांत फोन हिसकावणे, आपटणे, ‘आता वर्षभर मिळणार नाही’ असे सुनावणे हे धोक्याचे आहे. त्या वयात फोन जाणे म्हणजे सगळे मित्र एका क्षणात जाणे.

याला आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल घरात बोलले जात नाही. एखाद्या मुलामुलीला खासगी फोटोवरून कोणी धमकावत असेल, तर ते घरी न सांगण्याचे मोठे कारण ‘फोन काढून घेतील’ हेच असते. म्हणून शब्द आधीच देऊन ठेवावा : काहीही झाले तरी सांग, सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही. असे घडलेच तर पैसे द्यायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट आणि खात्याचे नाव जपून ठेवायचे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा १९३० वर तक्रार करायची. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल मित्रांना टाळत असेल, जेवण तुटले असेल, अंगावर स्वतः केलेल्या जखमा दिसत असतील किंवा मरणाची भाषा येत असेल, तर तो फोनचा प्रश्न उरत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. मरणाची भाषा असेल तर दोन आठवडे थांबू नये.

एकट्या घराने हे करणे मात्र कठीण असते, कारण ‘बाकी सगळे ऑनलाइन असतात’ ही मुलांची तक्रार खरी असते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने नेमकी हीच अडचण सोडवली. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवले जातात, मोठ्यांचेही. गटात कोणीच नसेल तर गटातून बाहेर पडल्याचे दुःख नाही. शहरात भोंगा वाजवता येणार नाही, पण एका तुकडीच्या पालकसभेत चाळीस पालक साडेनऊची वेळ एकमताने ठरवू शकतात. पुस्तिका वाटण्यापेक्षा त्या सभेतली दहा मिनिटे उपयोगाची.

शाळांनाही हे सांगायला हवे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. अभ्यासासाठी म्हणून हातात आलेला फोन पुढे कुठे जातो, हे यातून दिसते. तरीही रात्री पावणेदहाला ‘उद्या चार्ट पेपर आणणे’ असा संदेश वर्गाच्या गटावर पडतो आणि फोन ठेवायला सांगणारे पालक तोंडघशी पडतात. गृहपाठ फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्यावा. गटावर फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल असे सेटिंग ठेवावे आणि संध्याकाळी सातनंतर अतिवृष्टीची सुटी सोडून काही टाकू नये.

शिक्षण विभागाकडे आमचे मागणे दोन गोष्टींचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. झोप उशिरा लागण्याचा शारीरिक बदल मात्र त्यानंतरच्या वयात होतो, म्हणून हा विचार माध्यमिक वर्गांसाठीही व्हावा. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना इमारतीची अडचण आहे, हे मान्य. तिथे निदान आठवी ते दहावीला दुपारचे सत्र देता येईल का, हे तपासावे. आणि सातनंतर वर्गाच्या गटांवर शालेय संदेश नकोत, असे एका पानाचे परिपत्रक काढावे. त्याला पैसा लागत नाही.

आपले,
दोन शालेय समुपदेशक, पुणे