ड्यूक बॉनिकर म्हणजे आपला तुकाराम

मँचेस्टर

ती. मोठेबाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

तुकाराम सापडला. फोनवरच सांगणार होतो, पण तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि गोष्ट सगळी अक्षरांची आहे, म्हणून कागदावर लिहितो. मोठ्या अक्षरात लिहिलंय.

तुमच्या आजोबांचा हा धाकटा भाऊ नागपूरच्या एम्प्रेस मिलमधून हिशेब घेऊन मुंबईला गेला आणि तिथून बोटीवर चढला, एवढंच आपल्याला ठाऊक. आजी म्हणायची, "तुका बोटीवर गेला नं बोटीचाच होऊन राह्यला." घरात त्याचं नाव निघालं की मागोमाग 'पळपुटा' हा शब्द यायचाच. लँकेशायरहून एक पोस्टकार्ड आलं होतं आणि ते वाळवीनं खाल्लं, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय.

आपल्याकडच्या जनगणनेतून आकडे छापून येतात, माणसाचं नाव पुढच्या पिढीला बघायला मिळत नाही. इथे मात्र घरोघरी भरलेले कागद शंभर वर्षं बंद ठेवतात आणि मग खुले करतात. १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. आमच्या सेंट्रल लायब्ररीत ती फुकट पाहता येते. १९२१ साली ती एप्रिलमध्ये व्हायची होती, पण संपामुळे १९ जूनवर गेली. कागद घरमालकानं स्वतःच्या हातानं भरायचा. म्हणजे भाडेकरूचं नाव घरमालकाला जसं ऐकू येईल तसं.

मी आपलं आडनाव 'पौनीकर' शोधलं. काही नाही. आवाजावरून नाव शोधायची साउंडेक्स नावाची एक पद्धत आहे, अमेरिकेत १९१८ साली तिचं पेटंट घेतलं गेलं. त्यात स्वर गाळतात आणि जवळच्या व्यंजनांना एकच आकडा देतात. त्या वाटेनंही काही नाही. जन्मस्थान 'नागपूर', मग जुन्या वळणाचं 'नागपोर', तरी नाही. दोन वर्षं गेली अशी.

मग एक दिवस शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना आमचं पार्सल घ्यायला सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवर माझं आडनाव लिहून ठेवलं होतं, आणि सुरुवात 'बी'नं. मी तिथेच उभा राहिलो, मोठेबाबा. आपण 'प' म्हणतो तेव्हा तोंडातून हवा सुटत नाही. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा 'प' हवा सोडून म्हणतो, त्यामुळे आपला 'प' त्याच्या कानाला 'ब' वाटतो. तसाच आपला 'त' त्याला 'ड'सारखा. आणि साउंडेक्स बाकी सगळं सोडतं, पण पहिलं अक्षर धरून ठेवतं! मी दोन वर्षं 'पी'च्या दारात बसलो होतो आणि तो 'बी'च्या घरात.

त्याच रात्री 'बी' टाकून मधली अक्षरं मोकळी ठेवली. लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न गावात एक नाव निघालं: ड्यूक बॉनिकर, जन्म सिंगापूर. तुका. ड्यूक. सिंगापूर वाचून मात्र जीव खाली गेला. पण यादी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी घाईत वाचलेलं अक्षर, म्हणून मूळ कागदाचं चित्र उघडलं. तिथे स्वच्छ 'नागपोर, सी. पी.' आहे, सी. पी. म्हणजे तेव्हाचा मध्य प्रांत. पहिलं अक्षर थोडं गिरवलंय, तेवढ्यावरून कोणीतरी सिंगापूर केलं. वय तीस, अविवाहित, नातं 'बोर्डर', म्हणजे भाडेकरू. धंद्याच्या रकान्यात 'कॉटन वीव्हर' आणि त्यापुढे 'आउट ऑफ वर्क'.

या शेवटच्या तीन शब्दांपाशी मी बराच वेळ बसलो होतो. ब्लॅकबर्नच्या गिरण्या प्रामुख्यानं हिंदुस्थानासाठी धोतरं विणायच्या. १९२० नंतर त्या धंद्याला मोठी मंदी आली, कारणं पुष्कळ होती. १९२० च्याच डिसेंबरात आपल्या नागपूरच्या काँग्रेसनं असहकाराचा ठराव केला आणि परदेशी कापडावरचा बहिष्कार गावोगाव गेला. इकडे आपला तुका परक्याच्या घरात खाटेवर बसलाय, ज्यांच्यासाठी धोतरं विणायची ते आपलेच लोक, आणि हाताला काम नाही. पैसे कुठून पाठवणार होता? पळपुटा हा शब्द आता आपल्या घरात नको.

पुढचा माग अवघड आहे. १९३१ चे इंग्लंड-वेल्सचे कागद डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळाले, १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही. मधे फक्त सप्टेंबर १९३९ चं एक रजिस्टर आहे. त्यात जन्मतारीख असते. ती माझ्याकडे असेल तर नाव कसंही लिहिलेलं असो, मी त्याला तारखेवरून धरीन.

म्हणून तुम्हाला एक काम. तहसीलमध्ये जुनं कोतवाल बुक आहे, दाखल्यांसाठी लोक बघतात तेच. १८९० ते १८९२ च्या जन्मनोंदी काढायला लावा. आडनाव बहुधा नसेल. 'वल्द डोमाजी', म्हणजे डोमाजीचा मुलगा, एवढ्यावर बघा. नाव तुका, तुक्या, तुकडू, काहीही असेल. मोडीत असलं तर कागदाचा फोटो पाठवा, इथे वाचून देणारे एक गृहस्थ ओळखीचे आहेत. जोशीकाकांचा नातू सोबत घ्या, एकट्यानं जिने चढू नका.

आणि पितृपक्षात सर्वपित्रीला पान वाढाल तेव्हा त्याचंही नाव घ्या. आजवर कोणी घेतलं नाही.

कोतवाल बुकात जे अक्षर असेल ते जसंच्या तसं उतरवून पाठवा. चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करू नका.

मोठीआईला नमस्कार.

तुमचा,
मुन्ना