घरचा धंदा आणि पाऊण किलोवॅट

संपादक महोदय,

मी जुळे सोलापुरात राहते, घरीच शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते. शेजारच्यांनी मशीनच्या आवाजाची तक्रार केली आणि एका ऑफिसात मला तोंडी सांगून टाकलं, रेसिडेन्शियल झोनमध्ये धंदा चालत नाही, बंद करा. झालं, पोटात गोळाच आला, जूनचं काम अंगावर घेतलेलं, कापड घरात पडलेलं. मग भाच्याला बसवून नियम काढला, तर तसं काही नाहीच की ओ.

२०२० ची राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, म्हणजे कुठं काय बांधायचं आणि कशासाठी वापरायचं त्याचे नियम, मुंबई सोडून बहुतेक सगळीकडं लागू, त्यात घरगुती व्यवसाय चालतो. फक्त घरात राहणाऱ्यांनीच काम करायचं, पगारी माणूस नको, बाहेरून कळेल असा बोर्ड नको, घरात बनलेलंच विकायचं, खाणावळ चालवायची नाही, आणि मोटर लावली तर एकूण लोड ०.७५ किलोवॅटच्या आत.

आता हे ०.७५ म्हणजे एक एचपी. माझ्या शिलाई मशीनला अर्ध्या एचपीची मोटर आहे, अशा दोन झाल्या की हिशोब संपला, वर तिसरं, कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन जोडलं की मी नियमाबाहेर! शेंगा चटणीवाल्या बायकांच्या कांडप मशीनचं तर बोलायलाच नको. गंमत म्हणजे वीजबिलाचा नियम वेगळाच, घरात छोटं दुकान किंवा वर्कशॉप असलं तरी महिन्याला ३०० युनिट आणि मागच्या वर्षात ३६०० युनिटच्या आत असाल तर घरगुती दरच लागतो. म्हणजे बिलाच्या हिशोबात मी घरगुती आणि झोनच्या हिशोबात कारखाना.

पगारी माणसाचं पण तसंच. समोरच्या ताई काजं-बटणं करतात. त्या माल स्वतःच्या घरी नेऊन करतात तोवर ठीक, माझ्या ओट्यावर बसून केलं की त्या कामगार आणि मी गुन्हेगार. आपल्या सोलापुरात हे नवीन आहे का? पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड असंच पिढ्यानपिढ्या चाललं, हजारो बायका पानं-तंबाखू घरी आणून विड्या वळतात आणि १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून धरलंसुद्धा आहे. मग शिलाईवालीनं काय पाप केलं?

शेजाऱ्यांचं म्हणणं मात्र चूक नव्हतं, सीझनला मी रात्री अकरापर्यंत मशीन चालवायचे, आता दहाला बंद म्हणजे बंद. आवाजाच्या नियमात रात्र दहा ते सहा धरतात, तेवढी वेळ पाळायला आमची ना नाही. पण दिवसा मोटर किती एचपीची आहे यापेक्षा आवाज, सांडपाणी, गल्लीत टेम्पो उभा राहतो का ते बघा, आणि बाहेरच्या एक-दोन बायकांना तरी बसू द्या.

नियम राज्याचा आहे, महापालिका एकटी बदलू शकणार नाही हे कळतं. पण आहे तो नियम सोप्या मराठीत एका पानावर छापून महापालिकेच्या प्रत्येक झोन ऑफिसात, म्हणजे विभागीय कार्यालयात, लावायला कुणाची परवानगी लागते? नाहीतर काउंटरवरचा माणूस बंद करा म्हणाला की बाई घाबरून बंदच करते, मी पण चार दिवस मशीनवर चादर टाकून बसले होते.

एक शिलाईवाली, जुळे सोलापूर