शनिवारी मी येतेय

ती. आई-बाबांस,
सा. न.

मागच्या खेपेला मी बाथरूमच्या फरशीवर वर्तमानपत्र कापून पसरलं होतं. आई, तू विचारलंस, "हे काय गं?" मी म्हटलं, "सहज." सहज नव्हतं ते. बेसिनच्या नव्या कॅबिनेटचं माप होतं, २४ इंच रुंद आणि १८ इंच खोल. बाथरूमचं दार पूर्ण उघडतं ना, पुढे उभं राहायला जागा उरते ना, हे बघत होते. चांगली ३० इंच उरते. ऑर्डर देऊन झाली आहे. शनिवारी प्लंबरला घेऊन मीच येते. तुम्हाला न विचारता ठरवलं, रागावू नका. विचारलं असतं तर "आमचं काय अडलंय?" म्हणाला असतात.

बाबा, दाढी झाली की तुम्ही डावा तळवा बेसिनच्या काठावर टेकवून वळता. तेव्हा बेसिन हलतं. भिंतीलगतची सिलिकॉनची काळी रेघ फाकते आणि हात काढला की मिटते. दारातून बघितलं मी. मला ते बघवत नाही.

भिंतीवर टांगायचं कॅबिनेट दिसायला छान असतं, पण मी पायांचं घेतलं, म्हणजे भार जमिनीवर जातो. खाली सहा इंच मोकळे आहेत, आई, तुझं पुसायचं फडकं आत सहज जाईल. आताचं बेसिन ३० इंचांवर आहे, हे ३४ वर येईल. चूळ भरायला तुला एवढं वाकावं लागणार नाही. दारांऐवजी ड्रॉवर घेतले, कारण मागचं काही काढायला गुडघ्यांवर बसायला नको. वरचा ड्रॉवर पाइपासाठी मध्ये कापलेला आहे, तो सदोष समजून परत पाठवू नका! लाकूड मरीन प्लायचं आहे. साधं पार्टिकल बोर्ड ओल लागली की फुगतं. नळाला एकच दांडी आहे, बोटं दुखत असतील तेव्हा मनगटाने ढकललीस तरी चालेल.

लहानपणी त्या लाकडी स्टुलावर चढूनही आरशात माझं नुसतं कपाळ दिसायचं. मग बाबा उचलून घ्यायचे आणि साबणाचा फेस नाकाला लावायचे. तो आरसा मी काढू देणार नाही. चार इंच वर सरकवायचा, एवढंच.

आता नीट ऐका. शुक्रवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवा, दुपारपर्यंत पाणी बंद राहील. आई, जिन्नस एका टोपलीत काढून ठेव, औषधं वेगळी. सिलिकॉन लावल्यावर २४ तास त्यावर पाणी नको, तोवर मागचा नळ वापरा. बेसिनशेजारच्या विटांच्या भिंतीत स्टीलची दांडी पक्की बसवून घेणार आहे. बाबा, धरायचं ते तिलाच, कॅबिनेटला नाही. दांडी म्हणजे म्हातारपण असं मनात आणू नका, मीही तीच धरणार आहे.

आणि शनिवारी हातात पाना घ्यायचा नाही. खुर्ची टाकून दारात बसा, काम कसं चाललंय ते बघा, प्लंबरला हवं तेवढं सुनवा.

तुमची,
धाकटी